घरात पिढ्यानपिढ्या घोळणा फुटत असेल तर : एचएचटी आणि नाकाचे उपचार

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

उन्हाळ्यात पोराचा घोळणा फुटला की आपण डोक्यावर गार पाणी मारतो, कांदा हुंगवतो आणि विसरून जातो. बहुतेक पोरांच्या बाबतीत त्यात काळजीचं काही नसतंही. नाक सुकलेलं असतं, बोट घातलेलं असतं, वय वाढलं की थांबतं. हा धागा त्या घरांसाठी आहे जिथे ते थांबत नाही. आजीला व्हायचं, वडिलांना होतं, आत्याला होतं, आता नातवाचंही सुरू झालं, आणि सगळे म्हणतात की आमच्या घराण्यातच उष्णता आहे.

आमचं घर असंच. वडिलांकडून हा त्रास मला आणि धाकट्या बहिणीला आला. आजाराचं नाव एचएचटी, म्हणजे हेरेडिटरी हेमोरेजिक तेलँजिएक्टेशिया. जुन्या डॉक्टरांना तो ऑस्लर-वेबर-रेंडू या नावाने माहीत असतो. फ्रान्सच्या रेंडू यांनी १८९६ मध्ये, ऑस्लर यांनी १९०१ मध्ये आणि लंडनच्या वेबर यांनी १९०७ मध्ये असे रुग्ण नोंदवले. साधारण पाच हजार माणसांत एकाला हा आजार असतो असं धरतात. त्या हिशेबाने महाराष्ट्रात हजारो लोक असणार, पण नाव माहीत असलेला माणूस मला क्वचितच भेटतो.

हा रक्ताचा आजार नाही, रक्तवाहिन्यांचा आहे. नेहमी रोहिणीतलं रक्त आधी केसासारख्या बारीक वाहिन्यांच्या जाळ्यात शिरतं, तिथे त्याचा जोर ओसरतो आणि मग ते नीलेत जातं. एचएचटीत काही ठिकाणी हे जाळंच तयार होत नाही. रोहिणी थेट नीलेला जाऊन मिळते आणि पातळ भिंतीच्या नीलेवर सगळा दाब येतो. नाकाच्या अस्तरात, ओठांवर, जिभेवर, बोटांच्या टोकांवर असे जोड टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके होऊन दिसतात. दाबलं की फिकट होतात, सोडलं की परत लाल. असेच मोठे जोड फुप्फुसात, यकृतात, मेंदूत असू शकतात. त्यांना एव्हीएम म्हणतात.

म्हणूनच प्लेटलेट, बीटी-सीटी, पीटी या रक्त गोठण्याच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात. रक्त गोठतंय व्यवस्थित, नळीच कच्ची आहे. "रिपोर्ट चांगले आहेत, काही नाही" असं सांगून माणूस घरी पाठवला जातो तो याच जागी.

निदान चार गोष्टींवरून करतात. वारंवार आपोआप नाकातून रक्त येणं. ठरावीक जागी लाल ठिपके. आतल्या एखाद्या अवयवात एव्हीएम. आणि आई, वडील, सख्खं भावंड किंवा स्वतःचं मूल यांपैकी कुणाला तरी हा आजार. तीन जुळल्या तर निदान पक्कं, दोन जुळल्या तर संशय. कुरासाव बेटाच्या नावाने हे निकष ओळखले जातात, २००० साली ते प्रसिद्ध झाले. लहान मुलांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा : ठिपके बहुधा विशी-तिशीनंतर उठून दिसतात, त्यामुळे दहा वर्षांच्या मुलाच्या अंगावर काही दिसलं नाही म्हणून तो सुटला असं नाही. आपल्या सावळ्या कातडीवर तर ते शोधावेच लागतात. जीभ आणि ओठांची आतली बाजू चांगल्या उजेडात बघा.

मला मुख्य सांगायचंय ते एवढंच की नाकाचे उपचार पायरीपायरीने करा, आणि नाकाच्या नादात फुप्फुसं तपासायची राहू देऊ नका.

पहिली पायरी अगदी साधी आहे, म्हणून लोक ती गांभीर्याने घेत नाहीत. नाक ओलं ठेवायचं. मिठाच्या पाण्याचा स्प्रे किंवा जेल, दिवसातून निदान दोनदा, आणि हवा कोरडी असेल तर कितीही वेळा. रात्री झोपताना नाकपुडीच्या आत पुढच्या भागाला बोटाच्या टोकाने हलकेच पेट्रोलियम जेली. खपली ओढायची नाही, शिंकरायचं नाही. एसी आणि पंख्याचा झोत तोंडावर नको, हिवाळ्यात खोलीत ह्युमिडिफायर किंवा निदान पाण्याचं उघडं भांडं. हे किती कामाचं आहे ते २०१६ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. रुग्णांचे चार गट केले आणि नाकात मारायला तीन गटांना तीन वेगवेगळी औषधं, चौथ्याला नुसतं मिठाचं पाणी दिलं. औषधांचे तिन्ही गट मिठाच्या पाण्यापेक्षा सरस ठरले नाहीत. म्हणजे औषधाचा महागडा स्प्रे घ्यायच्या आधी मिठाच्या पाण्याचा स्प्रे महिनाभर नेमाने वापरून बघा.

त्याने भागलं नाही तर दुसरी पायरी ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या. पाळीच्या जास्त रक्तस्रावासाठी देतात त्याच. जखमेवर धरलेली रक्ताची गाठ टिकवून धरायचं काम त्या करतात. युरोपातल्या दोन चाचण्यांत नाकाचा रक्तस्राव कमी झाला, हिमोग्लोबिन मात्र फारसं वाढलं नाही. ज्यांना पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली आहे त्यांनी डॉक्टरांना ते आधी सांगायलाच हवं.

पुढच्या पायऱ्यांबद्दल जाणकारांनी लिहावं. कुणाच्या घरी असा त्रास असेल तर मोकळेपणाने विचारा.

---

मुक्ता_नाशिक

दादा, वाचताना अंगावर काटा आला. माझ्या सासूबाईंच्या जिभेवर अगदी असेच ठिपके आहेत आणि मिस्टरांचा घोळणा आठवड्यातून दोन-तीनदा फुटतो. एकदा सुरू झालं की अर्धा-अर्धा तास थांबत नाही. आम्ही त्यांना उताणं झोपवून डोकं मागे करतो. त्या वेळी नेमकं काय करायचं असतं?

---

कृष्णाकाठ

ताई, डोकं मागे नको. रक्त घशात उतरतं, पोटात जातं, मग उलटी होते, आणि किती गेलं तेही कळत नाही. खुर्चीत बसवा, मान किंचित पुढे, तोंडाने श्वास. नाकाचा खालचा मऊ भाग, जिथे चष्मा टेकतो त्याच्या बराच खाली, अंगठा आणि बोटाने दोन्ही बाजूंनी घट्ट चिमटीत धरायचा आणि घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटं सोडायचा नाही. दर मिनिटाला उघडून "थांबलं का" बघितलं की बसत आलेली गाठ निघते. तोंडात येणारं रक्त थुंकायला भांडं जवळ ठेवा.

अर्ध्या तासात थांबलं नाही, चक्कर आली, ओठ पांढरे पडले किंवा छातीत धडधडायला लागलं तर सरळ हॉस्पिटल. आणि तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हे बोला : "यांना एचएचटी असण्याची शक्यता आहे, नाकात कोरडा गॉज भरू नका." नेहमीची पट्टी ठासून भरली की थांबतं खरं, पण ती काढताना अस्तर सोलून निघतं आणि पहिल्यापेक्षा जास्त रक्त येतं. आपोआप विरघळणारं पॅकिंग मिळतं, ते वापरायला सांगा. तसं नसेल तर फुग्याचं, भरपूर जेली लावून. मी हे एका कागदावर लिहून पाकिटात ठेवतो. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी या आजाराचा रुग्ण कधी पाहिलेला नसतो, त्यात त्यांचा दोष नाही. कागद दाखवला की बहुतेक जण ऐकतात.

सासूबाई आणि मिस्टर, दोघांनाही दाखवा. नुसत्या नाकासाठी नाही, पुढे लिहितो.

---

लातूरकर

आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये ४२ च्या पुढं पारा जातो. आईला दुर्वांचा रस नाकात सोडतात, डाळिंब देतात, गुलकंद देतात. तिला बरं वाटतं. हे सगळं बंद करायचं का? आणि गावात स्प्रे मिळत नाही तर तिळाचं तेल चालेल का?

---

रानवाटा

मी वैद्य आहे. आयुर्वेदात नाकातून रक्त जाणं रक्तपित्तात, म्हणजे रक्तस्रावाच्या विकारात, धरतात आणि दुर्वा, डाळिंब, अडुळसा ही त्यातली जुनी औषधं. साध्या घोळण्यात मी ती देतो. पण लातूरकर, रक्तवाहिनीचा जोडच जन्मतः चुकीचा असेल तर रस सोडून तो जुळणार नाही, हे मी माझ्या रुग्णांना स्पष्ट सांगतो. ताजा रस घरी काढून नाकात सोडताना स्वच्छता राहत नाही, आणि या आजारात तर संसर्ग टाळलेला बरा. गुलकंद, डाळिंब खाऊ द्या. तिळाचं तेल मात्र चालेल. अस्तर मऊ राहतं, परदेशातले एचएचटीचे रुग्णही वापरतात. स्वच्छ बाटलीतलं, एक-दोन थेंब, बोटाने लावून. नस्य म्हणून भरपूर ओतू नका, तेल फुप्फुसात उतरलं तर वेगळाच आजार होतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोष्टींकडेही बघा. डोकं दुखलं की अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेण्याची सवय असेल तर पॅरासिटामॉलवर या. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांशी बोला.

---

लातूरकर

धन्यवाद वैद्यबुवा. आईला लातूरला नाकाच्या डॉक्टरकडं घेऊन जातो.

---

कर्णनासा

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. धागाकर्त्यांनी पहिल्या दोन पायऱ्या नेमक्या लिहिल्यात. २०२० साली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं नव्याने आली, त्यांतही हाच क्रम आहे : आधी ओलावा, मग ट्रॅनेक्झामिक, मग नाकात करायच्या प्रक्रिया, आणि त्यानेही न भागल्यास रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी औषधं किंवा मोठी शस्त्रक्रिया.

प्रक्रियांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बिघाड इथेच होतो. साध्या घोळण्यात आम्ही सिल्व्हर नायट्रेटची काडी लावून किंवा विजेवर तापणाऱ्या टोकाने जागा जाळतो आणि रुग्ण बरा होतो. एचएचटीत तेच पुन्हा पुन्हा केलं तर जळलेल्या जागेशेजारी नवे ठिपके फुटतात, आणि मधला पडदा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी जाळला तर त्याला भोक पडतं. भोकाच्या कडा सुकतात, खपल्या धरतात आणि रक्त वाढतं. त्यामुळे माझ्याकडे कुणी "दर दोन महिन्यांनी जाळून घेतो" असं सांगत आलं की मी आधी त्यांच्या घरच्यांची चौकशी करतो.

त्यापेक्षा बरे मार्ग आहेत. लेझर, रेडिओफ्रिक्वेन्सी, कोब्लेशन. यांत खोलवर इजा कमी होते. पायाच्या फुगलेल्या शिरांमध्ये देतात त्या जातीचं स्क्लेरोसंट, म्हणजे शीर आकसवून बंद करणारं औषध अगदी थोड्या प्रमाणात ठिपक्यांजवळ टोचता येतं. अनेक केंद्रांत ते बाह्यरुग्ण विभागात भूल न देता करतात. हे सगळे उपाय आराम देतात, आजार घालवत नाहीत. काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा करावं लागतं. शस्त्रक्रियेआधी हे नीट समजावून न सांगितल्यामुळे रुग्ण निराश झालेले मी बघितलेत.

रक्तवाहिनी बांधणं किंवा मांडीतून नळी घालून बुजवणं हे जीवावर बेतलेल्या रक्तस्रावासाठी राखून ठेवावं. बाजूच्या वाहिन्या लवकरच रक्त पुरवायला लागतात.

मग राहतात दोन मोठ्या शस्त्रक्रिया. पहिलीत नाकाचं नाजूक अस्तर काढून तिथे मांडीची पातळ कातडी लावतात, सेप्टोडर्मोप्लास्टी. रक्त पुष्कळ कमी होतं, पण खपल्या आणि वास यांची देखभाल कायमची. दुसरीत नाकपुड्याच शिवून बंद करतात, यंग यांची पद्धत. हवा आत जात नाही, अस्तर सुकत नाही, रक्त थांबतं. त्या बदल्यात वास घेणं जातं आणि आयुष्यभर तोंडाने श्वास. ऐकायला क्रूर वाटतं. पण महिन्याला रक्ताच्या पिशव्या लागणाऱ्या माणसाला तो सौदा मान्य असतो, आणि करून घेतलेले बरेचसे लोक समाधानी असतात.

---

ओली_वाट

मी गेली बरीच वर्षं नेदरलँड्समध्ये राहते, मूळची साताऱ्याची. इथे न्यूवेखाइन गावातल्या सेंट अँटोनियस हॉस्पिटलात एचएचटीचं राष्ट्रीय केंद्र आहे. माझी मैत्रीण तिथली रुग्ण, तिच्यासोबत दुभाषी म्हणून जाते. निकषांना कुरासावचं नाव का, याचा इथे सहज उलगडा होतो. ते कॅरिबियनमधलं डच बेट, आणि तिथे व शेजारच्या बोनेअरवर या आजाराचं प्रमाण जगात सर्वाधिकांपैकी आहे.

मला आवडलं ते त्यांचं वागणं. मैत्रीण नाकासाठी गेली होती. त्यांनी आधी फुप्फुसं, मग रक्त, मग घराण्याचा तक्ता आणि शेवटी नाक तपासलं. तिला दर भेटीत एक प्रश्नावली भरायला देतात : किती वेळा येतं, किती मिनिटं, धार लागते का, रक्त कमी झालंय का, कधी रक्त चढवावं लागलं का. त्यावरून दहापैकी गुण निघतात. घरी वहीत तारीख आणि मिनिटं लिहून ठेवली तरी तेच काम होतं. "खूप येतं हो डॉक्टर" आणि "गेल्या महिन्यात सहा वेळा, एकदा चाळीस मिनिटं" यांत फरक पडतो, उपचार ठरवताना फारच.

---

कृष्णाकाठ

ओली_वाट, फुप्फुसांचा विषय काढलात, तो आता लिहितोच. माझ्या मते धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे.

फुप्फुसाचं एक काम गाळणीचं. शिरांतून येणारी बारीक गुठळी, जंतू, हवेचा बुडबुडा तिथल्या बारीक जाळ्यात अडकतो. एचएचटीच्या बऱ्याच रुग्णांच्या फुप्फुसात एव्हीएम असतात, आणि तिथे गाळणीला भोक असतं. गुठळी थेट मेंदूत गेली तर तरुण वयात पक्षाघात, दातातले जंतू गेले तर मेंदूत पू. आणि हे होईपर्यंत माणसाला छातीत काहीही त्रास नसतो. धाप नाही, खोकला नाही, क्ष-किरणात काही दिसेलच असं नाही.

तपासणी सोपी आहे. हाताच्या शिरेतून बारीक बुडबुडे मिसळलेलं सलाईन सोडून हृदयाचा इको करतात, बबल काँट्रास्ट इको. बुडबुडे हृदयाच्या डाव्या बाजूला दिसले तर पुढे छातीचा सीटी स्कॅन. एव्हीएम पुरेशा आकाराचा असेल तर मांडीतल्या शिरेतून नळी घालून त्यात धातूची गुंडाळी किंवा प्लग बसवून तो बंद करतात. टाका नाही, छाती उघडणं नाही. हे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीचं काम, मोठ्या शहरांत होतं. पहिली तपासणी स्वच्छ आली तरी मोठ्या माणसांत पाच-दहा वर्षांनी पुन्हा करायची.

एव्हीएम आहे किंवा अजून तपासलेलं नाही, अशा प्रत्येकाने तीन गोष्टी पाळाव्यात. दात काढण्याआधी किंवा हिरड्यांचं काम करण्याआधी प्रतिजैविक, हृदयाच्या झडपेच्या रुग्णांना देतात तसं. सलाईन लावताना नळीत हवेचा एकही बुडबुडा नको, जमल्यास फिल्टर. आणि पाठीला हवेचं नळकांडं लावून खोल समुद्रात उतरणं, म्हणजे स्कूबा डायव्हिंग, नको. मालवणला, गोव्याला फिरायला जाणाऱ्या तरुणांसाठी मुद्दाम लिहितोय.

मेंदूचा एमआरआय एकदा करून घ्यावा असं मार्गदर्शक तत्त्वांत आहे. कुणी करायचा, कधी करायचा हे तज्ज्ञांशी बोलून ठरवा.

---

डिचोलीकार

माझें रक्त नेहमी ७-८ वर असतं. गोळ्या खाऊन पोट बिघडतं. नाकातून तर रोज थोडंच जातं, तरी एवढं कमी कसं?

---

धाकटी_पाती

मी कृष्णाकाठची बहीण. दादाने आग्रह केला म्हणून खातं उघडलं. डिचोलीकार, तुमचं मला अगदी जवळून कळतं.

रोजचं थोडं वर्षभर साचतं. शरीरात येणारं लोह आणि नाकातून जाणारं लोह यांचा मेळ बसत नाही. नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिनही तपासा, त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. साठा संपल्यावरही काही काळ हिमोग्लोबिन बरं दिसतं. गोळी दिवसातून तीनदा घेण्यापेक्षा एकदाच, किंवा एक दिवसाआड घेऊन बघा. शोषण बरं होतं आणि पोटही कमी कुरकुरतं. लिंबू-पाण्याबरोबर घ्या, चहा आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब. तरीही सोसत नसेल तर शिरेतून लोह द्यायला सांगा. मला त्याने जो फरक पडला तो आधी कुठल्या गोळीने पडला नव्हता. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे इंजेक्शन आपल्याकडे सगळीकडे मिळतं. पुन्हा पुन्हा घ्यावं लागलं तर रक्तातलं फॉस्फेट तपासत राहावं. लोह कमी असणं फक्त थकव्यापुरतं नसतं. फुप्फुसात एव्हीएम असेल तर लोहाच्या कमतरतेत पक्षाघाताचा धोका वाढतो असं लंडनच्या संशोधकांनी दाखवलंय.

आणि तुमचं वय पन्नाशीच्या पुढे असेल तर नाकाच्या मानाने रक्त जास्त कमी होतंय का ते डॉक्टरांना विचारा. जठरात आणि आतड्यातही असे ठिपके असतात आणि तिथून गुपचूप जातं. शौच काळी होते का? लोहाच्या गोळीनेही काळी होते, म्हणून एंडोस्कोपीनेच खरं कळतं.

आता माझ्याबद्दल. लेझर झाला, गोळ्या झाल्या, तरी रक्त चढवावं लागत होतं. मग रक्तविकारतज्ज्ञांनी बेव्हासिझुमॅब सुरू केलं. हे २००४ मध्ये कर्करोगासाठी आलेलं औषध. नव्या रक्तवाहिन्या वाढवणारा व्हीईजीएफ नावाचा घटक ते अडवतं, आणि एचएचटीत तोच जास्त असतो. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून सहा वेळा, पुढे गरजेप्रमाणे लांबवत. २३८ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात हिमोग्लोबिन सरासरी ३.२ ने वाढलं आणि नाकाच्या त्रासाचे गुण निम्म्यावर आले. मला रक्त चढवून बराच काळ लोटलाय. रक्तदाब मात्र वाढला, त्याची गोळी चालू आहे. लघवीतून प्रथिनं जातात का तेही तपासत राहावं लागतं, आणि गुठळीचा धोका असतो. आपल्याकडे त्याचे भारतीय कंपन्यांचे बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखेच बनवलेले पर्याय मिळतात, मूळ औषधापेक्षा स्वस्त. विमा कंपनी "कर्करोग नाही मग हे का" असं विचारते, तेव्हा डॉक्टरांचं पत्र आणि मार्गदर्शक तत्त्वांची प्रत जोडावी लागते. सरकारी योजनेतल्या हॉस्पिटलात असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, काय बसतं काय नाही ते तोच सांगेल.

नवं म्हणजे पोमॅलिडोमाइड. २०२४ मध्ये त्याच्या चाचणीचा निकाल आला. १४४ रुग्णांत रोज ४ मिलिग्रॅमची गोळी आणि खोटी गोळी यांची तुलना होती. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी वेळेआधी थांबवली. पण ते थॅलिडोमाइडच्या कुळातलं. गर्भावर भयंकर परिणाम होतो, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बायकांना अत्यंत कडक काळजी घेऊनच, आणि पुरुषांनीही. पांढऱ्या पेशी कमी होतात. रक्तविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच.

---

डिचोलीकार

ताई, देव बरें करूं. फेरिटिन कुणी सांगितलंच नव्हतं. सोमवारीच करतो.

---

एक_आई

मुलगी चोवीस वर्षांची. यजमानांना हा आजार आहे, तिलाही घोळणा फुटतो. तपासणी केली आणि नाव लागलं तर तिचं लग्न कसं जमेल, या भीतीने आम्ही थांबलोय. सासरचे म्हणतात, आपोआप बरं होईल, कुठे बोभाटा करायचा. मला रात्री झोप येत नाही.

---

धाकटी_पाती

काकू, मी लग्न झालेली, एका मुलाची आई आहे. तुमची भीती खोटी नाही, आपल्या समाजात मुलीच्या कपाळी असं नाव चिकटलं की स्थळं मागे सरतात. तरीही मी हात जोडून सांगते, तपासणी लग्नाच्या आधी करा. कारण लग्नानंतरचं बाळंतपण. फुप्फुसात एव्हीएम असेल तर गरोदरपणात तो वाढू शकतो, फुटू शकतो. बहुतेक बायकांचं सगळं सुखरूप पार पडतं, पण आधी माहीत असेल तरच. बबल इकोसाठी कुणाला काही सांगावं लागत नाही, कागदावर नुसता इको असतो. एव्हीएम निघाला तर दिवस जायच्या आधी तो बंद करता येतो. आणि गरोदरपणात कधी खोकल्यातून रक्त आलं किंवा एकदम धाप लागली तर ती तातडीची वेळ, त्याच क्षणी मोठं हॉस्पिटल.

पालकांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक मुलाला पन्नास टक्के शक्यता, मुलगा असो वा मुलगी. जनुक तपासायचं असेल तर आधी यजमानांचं करा. त्यांच्यात बिघाड नेमका कुठे आहे ते सापडलं की मुलीची तपासणी त्याच एका जागेची, स्वस्त आणि ठाम. उलट क्रमाने केलं आणि मुलीत काही सापडलं नाही, तर ती खरंच मोकळी आहे की बिघाड हाती लागला नाही, हे कळत नाही. बहुतेक घरांत ईएनजी किंवा एसीव्हीआरएल१ या जनुकात सापडतो. थोड्या घरांत एसएमएडी४ मध्ये; तसं निघालं तर मोठ्या आतड्यातल्या गाठींसाठी दुर्बिणीतून नियमित तपासणीही लागते.

माझ्या नवऱ्याला मी लग्नाआधी सांगितलं होतं. त्याने दोन दिवस मागितले, डॉक्टरांशी बोलला, आणि हो म्हणाला. सगळे तसे निघतील असं मी म्हणणार नाही. पण लपवून लग्न केलेल्या माझ्या आत्याने सासरी नाकाला पदर लावून काढलेली वर्षं मी बघितलीत. ती रक्त गेलं तरी कुणाला सांगायची नाही, चक्कर आली तरी चुलीपुढून उठायची नाही. तुमच्या मुलीला तसं जगायला लागू नये.

---

एक_आई

यजमानांच्या जनुक तपासणीचं उद्या विचारते. मुलीचा इको मी तिच्याबरोबर जाऊन करून घेईन.

---

मुक्ता_नाशिक

मिस्टरांची आणि सासूबाईंची वेळ घेतलीय. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला अजून काही त्रास नाही. त्याचंही आत्ताच करायचं का?

---

कर्णनासा

आधी मिस्टरांचं निदान पक्कं होऊ द्या. तसं ठरलं तर मुलाचीही फुप्फुसांची तपासणी करायची असते, त्रास नसला तरी. लहान मुलांत बबल इको करतात, आणि प्रत्येक भेटीत बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलेला व उभा असा ऑक्सिजन बघतात. सीटी गरज पडली तरच. बालरोगतज्ज्ञांना वडिलांचे कागद दाखवा. मुलाचं नाक आत्तापासून ओलं ठेवायची सवय लावली तर चांगलंच. वेळ घेतलेल्या दिवशी जाताना सासूबाईंच्या जिभेचा चांगल्या उजेडातला फोटो, मिस्टरांच्या रक्तस्रावाची वही आणि जुने सगळे हिमोग्लोबिनचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या.